टीममध्ये कोण पाहिजे? ट्रॉलीच्या रांगेतला वाद आणि टेस्ट क्रिकेटचं भवितव्य

ऊस तोडणीचा हंगाम सुरू आहे. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, बाजूला चहाची टपरी आणि रांगेत तासन् तास थांबलेल्या माणसांना बोलायला विषय एकच: गुवाहाटी.

'रणजीत ढिगानं रन काढणारी पोरं घरात बसलीत आणि टीममध्ये बघा कोण कोण हाय,' एकजण तावातावानं सांगतो. 'रणजीचं काय सांगतोस? करुण नायरनं पण ढिगानंच काढले होते, इंग्लंडमध्ये काय झालं?' दुसरा लगेच उलटतो. तिसरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, 'टेस्ट बंदच करा की राव. पाच दिवस कुणाला वेळ हाय आता?'

गंमत अशी की भारतीय क्रिकेटपुढचा सध्याचा सगळा प्रश्न या तीन वाक्यांत येतो. टीव्हीवरचे जाणकार तासभर जे बोलतात ते याहून फार वेगळं नसतं. पण तिघंही अर्धंच बोलतात. त्यामुळे हा वाद नेमका काय आहे आणि तालुक्याच्या मैदानावर खेळणाऱ्या पोराशी त्याचा काय संबंध आहे, ते जरा नीट बघू.

गुवाहाटीत काय घडलं?

दक्षिण आफ्रिकेचा संघ नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन टेस्ट खेळायला भारतात आला. कोलकात्यात भारतापुढे जिंकायला फक्त १२४ धावांचं लक्ष्य होतं, पण आपला डाव ९३ वर आटोपला. कर्णधार शुभमन गिल मान आखडल्यामुळे दुसऱ्या डावात खेळायलाच येऊ शकला नाही, हे खरं. तरीही सामना तिसऱ्याच दिवशी संपला आणि चारपैकी एकाही डावात दोनशे धावा झाल्या नाहीत. गुवाहाटीत तर आपण ४०८ धावांनी हरलो. धावांच्या फरकानं बघितलं तर टेस्टमधला हा भारताचा आजवरचा सगळ्यात मोठा पराभव.

हे एकदाच घडलं असतं तर लोक विसरले असते. पण त्याच्या आधीच्याच वर्षी, २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडनं आपल्याला घरात ३-० असं धुतलं होतं. बेंगळुरूत आपण ४६ वर गारद झालो. मग पुण्याजवळ गहुंजेला मिचेल सँटनरनं १३ विकेट घेतल्या आणि मालिका तिथंच गेली. घरच्या मैदानांवर ओळीनं १८ मालिका जिंकत आलेल्या भारताची ती घोडदौड थांबली ती आपल्याच महाराष्ट्रात. शेवटचा सामना मुंबईत, तोही गेला.

म्हणजे सव्वा वर्षाच्या आत दोन परके संघ आपल्याच खेळपट्ट्यांवर आपल्याला फिरकीनं हरवून गेले. मधल्या काळात आर. अश्विन ५३७ विकेट घेऊन निवृत्त झाला आणि मे २०२५ मध्ये रोहित शर्मा, विराट कोहली यांनी पाच दिवसांच्या आत एकापाठोपाठ टेस्टला रामराम ठोकला. जागा मोकळ्या झाल्या, त्यामुळे 'कोण पाहिजे' हा वाद वाढणारच होता.

टीम निवडतं कोण?

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. भारताचा संघ बीसीसीआयची पाच जणांची निवड समिती निवडते. माजी वेगवान गोलंदाज अजित आगरकर २०२३ पासून तिचे अध्यक्ष आहेत. या समितीत यायचं तर स्वतः किमान ७ टेस्ट किंवा ३० प्रथम श्रेणी सामने खेळलेलं असावं लागतं (किंवा १० वनडे आणि २० प्रथम श्रेणी सामने). शिवाय निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली असली पाहिजेत.

ही समिती पंधरा-सोळा जणांचा संघ निवडते. त्यातले मैदानात उतरणारे अकरा कोण, हे प्रामुख्यानं कोच आणि कर्णधार ठरवतात. त्यामुळे 'ह्याला घेतलाच नाही' ही तक्रार असेल तर बोट निवड समितीकडे जायला हवं. 'घेतला पण खेळवला नाही' ही तक्रार असेल तर ती कोच-कर्णधाराकडे. कोलकात्यात चार फिरकीपटू खेळवायचे आणि तिसऱ्या नंबरवर वॉशिंग्टन सुंदरला पाठवायचं, हा दुसऱ्या प्रकारचा निर्णय होता. टपरीवर दोन्हींचा राग एकाच माणसावर निघतो.

रणजीच्या धावा चालतात का?

आता पहिल्या माणसाचा मुद्दा. त्याच्या डोक्यात असतो मुंबईचा सरफराज खान. रणजी करंडकाच्या २०१९-२० च्या हंगामात त्यानं ९२८ धावा केल्या. पुढचा हंगाम कोविडमुळे झाला नाही. त्यानंतरच्या २०२१-२२ मध्ये ९८२. तरी टेस्टची टोपी मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. राजकोटला पहिल्याच सामन्यात दोन्ही डावांत अर्धशतकं झाली. त्याच वर्षी बेंगळुरूत, संघ पहिल्या डावात ४६ वर बाद झालेला असताना, दुसऱ्या डावात त्यानं १५० केल्या. पुढच्या चार डावांत मात्र ११, ९, ० आणि १. ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो संघाबरोबर होता, पण एकही टेस्ट खेळला नाही, आणि इंग्लंड दौऱ्याच्या संघातून वगळला गेला.

त्याच इंग्लंड दौऱ्यासाठी साई सुदर्शनची निवड झाली. प्रथम श्रेणीतली त्याची सरासरी तेव्हा चाळीसच्या आसपास होती, पण आयपीएलच्या त्या हंगामात ७५९ धावा करून त्यानं ऑरेंज कॅप मिळवली होती. पोरगा गुणी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बघणाऱ्यानं यातून काय अर्थ काढायचा? चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये हजार धावा केलेल्यापेक्षा वीस ओव्हरच्या क्रिकेटमध्ये चमकलेल्याला टेस्टचं दार लवकर उघडतं, असाच ना?

दुसऱ्या माणसाचं म्हणणंही खोटं नाही. करुण नायरनं डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या आणि पुढच्या वर्षीच तो संघाबाहेर गेला. मग तो विदर्भाकडून खेळायला लागला. २०२४-२५ च्या रणजी हंगामात त्यानं ८६३ धावा केल्या आणि विदर्भानं करंडक जिंकला. या जोरावर आठ वर्षांनी तो टेस्टमध्ये परत आला. इंग्लंडमध्ये चार सामने मिळाले, धावा झाल्या २०५ आणि तो पुन्हा बाहेर.

म्हणून निवड समितीची बाजूही समजून घ्यायला पाहिजे. रणजीतली गोलंदाजी सगळीकडे सारख्या ताकदीची नसते. एखाद्या पाटा खेळपट्टीवर काढलेल्या दोनशे धावा आणि लीड्सला चेंडू हलत असताना काढलेल्या पन्नास धावा यांचं वजन एक नाही. नुसता धावांचा तक्ता बघून टीम निवडायची असती तर समितीची गरजच नव्हती, एक कारकूनही ते काम करू शकला असता.

पण 'रणजी पुरेशी नाही' आणि 'रणजी मोजायचीच नाही' यात फरक आहे. रणजीतला माणूस अपयशी ठरू शकतो, तसा आयपीएलमधलाही ठरू शकतो. फरक इतकाच की रणजीतल्या माणसाला संधी उशिरा मिळते आणि लवकर जाते.

ही सल आपल्या कोल्हापूरला नवी नाही

हा वाद आजचा नाही. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना विचारा, ते भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव घेतील. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना कोल्हापूरच्या या फलंदाजानं नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम फक्त ९ धावांवर होता. सुट्टीच्या वेळेला काठियावाडच्या संघानं पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. विक्रम राहिला तो राहिलाच.

त्याच हंगामात वेस्ट इंडिजचा संघ भारतात टेस्ट खेळत होता. निंबाळकरांना बोलावणं आलं नाही. पुढे कॉमनवेल्थ संघाविरुद्ध एक अनधिकृत सामना मिळाला, पण अधिकृत टेस्ट एकही नाही. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही तीच आहे, ४४३. २०१२ मध्ये भाऊसाहेब गेले, तेव्हाही त्यांच्या नावापुढे टेस्टचा आकडा शून्यच होता.

मुंबईचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ विकेट घेतल्या, पण तो काळ बिशनसिंग बेदींचा, त्यामुळे टेस्ट नाही. अमोल मुझुमदार यांनी ११ हजारांवर धावा केल्या, पण त्यांच्या काळात मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, लक्ष्मण, गांगुली. तेच मुझुमदार कोच असताना भारतीय महिलांनी २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला.

तेव्हा अन्याय पूर्वीही व्हायचा. पण त्या काळी टेस्टकडे जाणारा रस्ता एकच होता आणि तो रणजीतून जायचा. रस्त्यावर गर्दी फार, म्हणून काहीजण मागे राहिले. आज दुसरा, जास्त रुंद आणि झगमगाटाचा रस्ता झाला आहे.

पैशाचं गणित

हा रुंद रस्ता किती रुंद आहे ते आकड्यांतून कळतं. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या खेळाडूची लिलावातली किमान बोली आता ३० लाख आहे.

रणजीत नवख्या खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. २० पेक्षा जास्त सामने खेळले की ५० हजार आणि ४० च्या वर गेले की ६० हजार. चार दिवसांचा सामना धरला तर नवख्याला १ लाख ६० हजार. साखळीतले सातही सामने अकरात राहून खेळला तरी हंगामाचे होतात ११ लाख २० हजार. गावाकडच्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. पण आयपीएलच्या सगळ्यात खालच्या पायरीच्याही ती निम्म्याच्या आत आहे, आणि मेहनत किती तरी जास्त.

बीसीसीआयला हे कळत नाही असं नाही. टेस्टची एका सामन्याची फी १५ लाख आहे. मार्च २०२४ मध्ये बोर्डानं त्यावर प्रोत्साहन योजना आणली. हंगामातल्या ७५ टक्क्यांहून जास्त टेस्ट जो अकरात खेळेल त्याला प्रत्येक टेस्टमागे आणखी ४५ लाख. त्याच सुमारास श्रेयस अय्यर आणि ईशान किशन यांचे वार्षिक करार गेले आणि देशांतर्गत क्रिकेट टाळू नका, असा इशारा सगळ्यांना मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये रोहित आणि कोहलीही रणजी खेळायला उतरले. दिल्लीत कोहलीला बघायला एवढी गर्दी लोटली की रणजीच्या मैदानात असं चित्र कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं.

पण बघा, हे सगळं वरच्या मजल्यावर झालं. टेस्टपर्यंत पोचलेल्याला पैसे वाढले. तिथं पोचण्याआधीची जी दहा वर्षं असतात, त्यांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

टेस्ट खरंच संपत चालली आहे का?

आता तिसऱ्या माणसाकडे येऊ. 'पाच दिवस कुणाला वेळ आहे' हे तो म्हणतो खरं, पण ४ ऑगस्ट २०२५ ला हाच गडी मोबाइलला चिकटून बसला होता. ओव्हलच्या मैदानावर शेवटच्या सकाळी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या आणि चार विकेट हातात होत्या. ख्रिस वोक्स निखळलेल्या खांद्याचा हात गळ्यात बांधून फलंदाजीला आला. मोहम्मद सिराजनं शेवटची विकेट घेतली आणि भारत ६ धावांनी जिंकला. मालिका २-२. पाचच्या पाच सामने पाचव्या दिवसापर्यंत गेले. त्या दिवशी 'टेस्ट बंद करा' असं कुणी म्हणाल्याचं आठवत नाही.

म्हणजे लोकांना टेस्ट नको आहे असं नाही. चुरस नसलेली टेस्ट नको आहे. आणि चुरस कमी होण्याचं कारण म्हणजे जगात टेस्टचं पाणी सगळ्या शेतांना सारखं मिळत नाही. भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया आपापसांत पाच-पाच टेस्टच्या मालिका खेळतात, बाकीच्यांच्या वाट्याला दोन-दोन. २०२३ ते २०२५ च्या जागतिक टेस्ट अजिंक्यपद स्पर्धेत इंग्लंड २२ सामने खेळला, भारत आणि ऑस्ट्रेलिया १९, तर दक्षिण आफ्रिका फक्त १२.

दक्षिण आफ्रिकेची कथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २०२४ च्या सुरुवातीला त्यांच्या घरच्या टी-ट्वेंटी लीगच्या तारखा न्यूझीलंड दौऱ्यावर आल्या. मुख्य खेळाडू लीगमध्ये अडकले आणि बोर्डानं टेस्टसाठी दुय्यम संघ पाठवला. त्या संघाचा कर्णधार नील ब्रँड स्वतःच आयुष्यातली पहिली टेस्ट खेळत होता. दोन्ही सामने गेले. तेव्हा सगळे म्हणाले, या देशात टेस्ट संपली. दीड वर्षाच्या आत, जून २०२५ मध्ये, त्याच देशानं लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून अजिंक्यपदाची गदा उचलली. आणि नोव्हेंबरात भारतात येऊन आपल्याला २-० नं हरवलं. जगज्जेत्या संघाशी आपण मालिका खेळलो ती मात्र फक्त दोन टेस्टची.

उलटी बाजू वेस्ट इंडिजची. एके काळी ज्यांच्या नावानं फलंदाजांना घाम फुटायचा, तो संघ जुलै २०२५ मध्ये किंग्स्टनला ऑस्ट्रेलियासमोर २७ धावांत आटोपला. पैसा नाही, चांगले खेळाडू जगभरच्या लीगमध्ये. टेस्ट संपते ती अशी. कुणी बंद करत नाही, ती आपोआप सुकत जाते.

आपल्याला हरवलं कुणी?

गुवाहाटीच्या पराभवातून काय शिकायचं ते सायमन हार्मरकडे बघून कळतं. या ऑफस्पिनरनं दोन टेस्टमध्ये १७ विकेट घेतल्या. वय ३६. दहा वर्षांपूर्वी, २०१५ मध्येही तो भारतात येऊन गेला होता. नंतर देशाच्या संघातून बाहेर पडला आणि इंग्लंडमध्ये एसेक्स काउंटीकडून चार-चार दिवसांचे सामने वर्षानुवर्षं खेळत राहिला. टीव्हीवर झगमगाट नाही, लिलावात कोटींची बोली नाही. दिवसभर ओव्हरी टाकायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायच्या. प्रथम श्रेणीतल्या हजार विकेट पूर्ण करून तो भारतात आला आणि आपल्याच मातीत आपल्याला फिरकी कशी टाकायची ते दाखवून गेला.

आपले बरेच खेळाडू काय करत होते? ऑस्ट्रेलियात टी-ट्वेंटी मालिका. ती ८ नोव्हेंबरला संपली आणि १४ तारखेला कोलकात्यात टेस्ट सुरू झाली. सहा दिवसांत ऑस्ट्रेलियातून यायचं, पांढरा चेंडू विसरायचा, लाल चेंडूची सवय करायची आणि फिरणाऱ्या खेळपट्टीवर तासन् तास उभं राहायचं. पेरणी केल्याशिवाय कापणीला गेल्यासारखं झालं.

त्यामुळे टीम निवडीचा वाद आणि टेस्टच्या भवितव्याचा वाद हे दोन वेगळे विषय नाहीत. निवड समिती ज्याला निवडते, तसं व्हायचा प्रयत्न खालची पोरं करतात. लांब खेळणाऱ्याला किंमत आहे हे दिसलं तर पोरं लांब खेळायला शिकतील. नाही दिसलं तर दहा वर्षांनी निवडायला तसा कुणी उरणारच नाही, मग समितीत कुणीही बसो.

तालुक्यातल्या पोराचं काय?

आपल्याकडे पोरगं क्रिकेट सुरू करतं ते टेनिस बॉलवर. गावोगावी कुणाच्या ना कुणाच्या नावाचा चषक, सहा-आठ ओव्हरचे सामने, रात्री लाइट लावून. त्यात मजा आहे, बक्षीस आहे, नाव आहे. आपल्या कोल्हापूरच्या नावाची टीम महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये उतरते, तीही टी-ट्वेंटीच. लेदर बॉलवर दोन-तीन दिवसांचे सामने मिळायचे तर वयोगटाच्या जिल्हा संघात किंवा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या निमंत्रित स्पर्धेत जागा मिळवावी लागते. त्यासाठी शहरात जायला लागतं, एसटीचा वेळ, किटचा खर्च, शाळा-कॉलेज बुडतं ते वेगळंच.

तरीही हा रस्ता बंद नाही. श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्याकडून रणजी खेळून टेस्टमध्ये गेला आणि ३११ विकेट घेऊन थांबला. नागपूरजवळच्या खापरखेड्यातला, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव मोठा होईपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, २०११ मध्ये टेस्ट, पुढे ५७ टेस्ट आणि १७० विकेट. विदर्भाकडून टेस्टपर्यंत पोचलेला तो पहिलाच. त्यानंतर विदर्भानं तीनदा रणजी करंडक जिंकला. २०२४-२५ मध्ये त्यांच्या हर्ष दुबे या फिरकीपटूनं ६९ विकेट घेतल्या, रणजीच्या एका हंगामात एवढ्या विकेट आजवर कुणी घेतलेल्या नाहीत. आपल्या राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन-तीन रणजी संघ आहेत, म्हणजे दारं तीन आहेत.

मागायचं ते हेच. जिल्हा पातळीवर वर्षाला दोन-चार तरी दोन दिवसांचे सामने वाढावेत. तालुक्याच्या ठिकाणी किमान एक मॅटची विकेट असावी. चषक भरवणाऱ्या मंडळांनी वर्षातून एक सामना तरी लेदर बॉलवर, दिवसभराचा ठेवून बघावा. आणि वर, निवड समितीनं रणजीत दोन हंगाम सातत्यानं चाललेल्या खेळाडूला घेतलं नाही तर का नाही, हे सरळ सांगावं. फिटनेस कमी पडतो, शॉर्ट बॉल खेळता येत नाही, जे असेल ते. कारण कळलं तर पोरगा त्यावर काम करेल. कारण न कळता दार बंद झालं तर तो लाल चेंडू खाली ठेवेल.

ट्रॉल्यांची रांग हळूहळू पुढं सरकते. तिसऱ्या माणसाचा नंबर येतो. ट्रॅक्टर चालू करता करता तो विचारतो, 'पुढची टेस्ट कधी हाय रं?' टेस्ट बंद करा म्हणणारा हाच तो गडी.